तोंडावर मास्क एकट्या ताईच्या

गेल्या आठवड्यात घनसावंगी तालुक्यातल्या आपल्या एका वस्तीत आम्ही अंगणवाडीची खोली पावलांनी मोजली. आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद. खिडक्या दोन. एकीला आहाराची पोती टेकलेली, दुसरी गंजून बसलेली. पटावर लेकरं अठ्ठावीस. सेविकाताई म्हणाल्या, "सिस्टर, दोन वर्षं दारोदार फिरले तेव्हा जेवढी भीती वाटली नाही, तेवढी आता या खोलीची वाटती."

ताईंचं म्हणणं आम्हाला पटलं. मार्च २०२० मध्ये अंगणवाडीचं दार बंद झालं, पण ताई घरी बसल्या नव्हत्या. कोरडा शिधा घरोघरी पोचवला. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली, तेव्हा आशाताईंसोबत त्याही घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासत होत्या. पण ते काम उंबऱ्याबाहेर उभं राहून, पाच मिनिटांत उरकायचं होतं. आता बंद खोलीत, तासन्‌तास, लेकरांच्या गराड्यात बसायचं आहे. कोरोना हवेतून पसरतो. त्यामुळे तीच हवा सगळ्यांच्या श्वासात किती वेळ फिरते, यावर धोका ठरतो.

२४ जानेवारी २०२२ पासून पूर्वप्राथमिकसह शाळा सुरू करायला राज्य सरकारने मुभा दिली. परिस्थिती पाहून निर्णय स्थानिक प्रशासनाने घ्यायचा होता. त्याच्या वर्षभर आधी, १३ जानेवारी २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्या उघडण्याबद्दल महिनाअखेरपर्यंत ठरवा, असं राज्यांना सांगितलं होतं. तेव्हा अंगणवाडी आज ना उद्या भरणारच. आणि भरायलाच हवी, असं आमचं मत आहे. घरी दिलेला शिधा घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटला जातो, त्यात आईचा काय दोष? उसाच्या पट्ट्यात आई-बाप तोडीला गेले की लेकरं आजीपाशी राहतात. वजनकाटा महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहिला, तर कोणतं लेकरू खंगत चाललंय ते कळणार कसं? सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला, तर ते तीव्र कुपोषित. हे अंदाजाने कळत नाही, पट्टी लावूनच पाहावं लागतं.

आता खोलीतली गोष्ट बघा. पाच वर्षांखालच्या लेकरांना मास्क लावू नये, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाच सांगत होत्या. २०२२ च्या सुरुवातीला लस पंधरा वर्षांवरच्यांनाच होती. लेकरू रडलं की ताईला त्याला जवळ घ्यावं लागतं, नाक पुसावं लागतं, शी धुवावी लागते. दोन हात अंतर ठेवा म्हणणाऱ्याने एकदा अडीच वर्षांचं लेकरू सांभाळून दाखवावं! अठ्ठावीस तोंडं उघडी, आणि मास्क फक्त ताई आणि मदतनीसच्या तोंडावर. त्यात अनेक ताईंनी पन्नाशी ओलांडलेली. कुणाला साखर, कुणाला बीपी.

२०२२ च्या सुरुवातीला राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे आपल्याच घनसावंगी मतदारसंघाचे होते. अंगणवाडी मात्र महिला व बालविकास खात्याची. काम आरोग्याचं, खातं वेगळं आणि पगाराऐवजी मानधन, अशी ताईंची गत. मास्क कोणी द्यायचे, हा प्रश्न मधल्या मधे राहतो. कोविडच्या कामावर असताना मृत्यू आला तर ५० लाखांचं विमा कवच राज्याने २०२० मध्ये जाहीर केलं. ताईंचा प्रश्न साधा आहे: "खोलीत लेकरं सांभाळताना झालं, तर ते कोविडचं काम धरणार का?" याचं उत्तर त्यांना लेखी मिळालं पाहिजे. ताप आला तर मानधन न कापता सुट्टी, हेही लेखी हवं. नाहीतर आठ दिवसांच्या पैशापायी बाई ताप अंगावर काढते. आम्ही वॉर्डात हे पाहिलं आहे.

दरवर्षी १० मार्चला आपण सावित्रीमाईंचं स्मरण करतो. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी लेकरू त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि प्लेगानेच त्या गेल्या. भाषणात सेविकांना "सावित्रीच्या लेकी" म्हणतात. पण यशवंतरावांनी तो दवाखाना गावाबाहेर, मोकळ्या माळावर काढला होता, हे कुणी सांगत नाही. मोकळ्या हवेचं मोल त्या मायलेकांना ठाऊक होतं.

ताईंनी एन-९५ मास्क वापरावा. तो धुवायचा नाही. तीन-चार मास्क आळीपाळीने वापरायचे आणि वापरलेला कागदी पिशवीत सुकवायचा. दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर १० जानेवारी २०२२ पासून आघाडीच्या कर्मचाऱ्यांना तिसरा डोस मिळू लागला होता. लेकरांना निम्मी-निम्मी करून बोलवावं. जेवण तर बाहेर लिंबाखालीच द्यावं, कारण जेवताना सगळ्यांचीच तोंडं उघडी. आणि आयांनो, लेकराचं अंग गरम लागलं, खोकला असला, तर त्या दिवशी त्याला धाडू नका. कामाला जायची घाई आम्हाला कळते. पण शेजारणीला सांगा, आजीला सांगा.

त्या वस्तीतल्या विहाराला समोरासमोर दोन दारं आहेत आणि पुढे मोठं अंगण. सकाळी तो रिकामाच असतो. अंगणवाडी काही महिने तिथे भरवावी, असं आम्ही सुचवलं. "लेकरं घाण करतील," एक काका म्हणाले. करतील. लेकरंच ती. झाडू आणि पाणी आपल्याकडे आहे.

रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक ठेवली आहे. सेविकाताई आणि मदतनीसताई येणार आहेत, पर्यवेक्षिकाबाईंनाही निरोप दिला आहे. खिडकीचा गंज काढायला वस्तीतला वेल्डिंगवाला फुकट तयार झालाय. पोती कुठे हलवायची, तेवढं ठरायचं राहिलंय.