मोटर थांबतच नाही! जुन्या पिनबॉलकडून एक धडा

आज एका खेळाच्या यंत्राविषयी बोलू. संशोधनाशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. पण थोडं थांबा.

पिनबॉलला इटलीत 'फ्लिपर' म्हणतात. बोलोन्यामधली झकारिया ही कंपनी १९७० च्या दशकाच्या मध्याला इलेक्ट्रोमेकॅनिकल पिनबॉल बनवत होती. त्यात मायक्रोचिप नाही. सगळा हिशेब रिले, कॉइल आणि स्विच करतात. मग स्कोअर लक्षात कोण ठेवतं? ० ते ९ आकड्यांची चाकं. कॉइलला वीज मिळाली की चाक एक घर पुढे सरकतं आणि तिथेच थांबतं. चाकाची जागा हीच यंत्राची मेमरी! ५०० गुण द्यायचे असतील तर आतली एक मोटर फिरते, तिच्या चकत्या स्विच उघडझाप करतात आणि शंभराच्या चाकाला पाच धक्के मिळतात.

संग्राहकांना याचंच वेड असतं. विचार करणारं यंत्र डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं.

आता समजा, नवा डाव सुरू केला आणि मोटर थांबतच नाही. नवखा माणूस म्हणेल, मोटर बिघडली. पण अनेक यंत्रांत सगळी चाकं शून्यावर आल्याशिवाय मोटर थांबत नाही. म्हणजे एखाद्या चाकाच्या शून्याच्या स्विचवर नुसती घाण बसलेली असू शकते. लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे! जाणकार आधी सर्किटचा नकाशा उघडतो, कोणतं चाक अडलंय ते बघतो, प्लग काढून तेवढाच एक स्विच साफ करतो आणि पुन्हा चालवून पाहतो. एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र चालेलही, पण का चाललं ते कळणार नाही.

युरोपातल्या यंत्रांची ओढ आणखी एका कारणाने आहे. अमेरिकेच्या मानाने ती कमी बनली, सुटे भाग शोधावे लागतात. शिवाय त्यांत त्या देशाचा इतिहास सापडतो. १९६० च्या दशकात इटलीत जुगारविरोधी नियम कडक होते. फुकट डाव हे बक्षीस ठरू नये म्हणून गॉटलिब या अमेरिकन कंपनीने इटलीसाठी जादा चेंडू देणारी मॉडेल्स काढली. कायदा थेट वायरिंगमध्ये उतरला!

म्हणूनच दुरुस्ती करताना खरा पेच पडतो. जुनं वायरिंग काढून आधुनिक बोर्ड बसवला तर खेळ झकास चालेल, पण तो पुरावा कायमचा गेला. काचेच्या मागच्या बाजूचा रंग एकदा पोपडे होऊन गळला, की मूळ चित्रही परत येत नाही. त्यामुळे चांगला संग्राहक आधी फोटो काढतो, नोंद करतो, मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलतो.

आपला डेटाही असाच असतो. 'साफ' करायला बसण्याआधी मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवलीत ना?