इंजेक्शनआधी सांगायचं राहून जातं ते

1941 साली शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी जे दाखवून दिलं, त्यावर पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे उपचार आजही उभे आहेत. कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांची वृषणं काढली किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिलं, की रक्तातलं अ‍ॅसिड फॉस्फटेज, म्हणजे कॅन्सरची चाहूल देणारं विकर, उतरायचं आणि अनेकांच्या हाडांची ठणक थांबायची. कॅन्सरची गाठ शरीराच्या कुठल्याच हुकमाला जुमानत नाही, असं तोवर मानलं जाई. ही गाठ मात्र टेस्टोस्टेरॉनवर पोसली जात होती. हगिन्सना 1966 साली नोबेल मिळालं.

टेस्टोस्टेरॉनचा बहुतेक सगळा साठा वृषणांत तयार होतो, थोडासा मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येतो. वृषणांना हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी आणि तिला वरून इशारा मिळतो तो हायपोथॅलॅमसकडून. या इशाऱ्याच्या रेणूची रचना 1971 साली अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेत उलगडली. इशारा थांबून थांबून आला तरच पियुषिका काम करते. तो अखंड येत राहिला तर ती काही दिवसांत प्रतिसाद देणंच सोडते. अमेरिकेत 1985 साली मान्यता मिळालेलं ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन नेमकं हेच करतं. मात्र पहिल्या एकदोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट उसळतं. मणक्यात गाठ असलेल्या रुग्णाला ती उसळी पायांच्या लकव्यापर्यंत नेऊ शकते, म्हणून सोबत बायकाल्युटामाइडसारख्या गोळ्या देतात. 2008 साली आलेल्या डेगारेलिक्सने ही उसळी येत नाही.

निरोगी पुरुषात डेसिलिटरमागे साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम असणारं टेस्टोस्टेरॉन या उपचारात 50 च्या खाली, पुष्कळदा 20 च्याही खाली जातं. वृषणं काढण्याच्या शस्त्रक्रियेने ते दिवसभरातच उतरतं. आपल्याकडे इंजेक्शनांचा खर्च वर्षानुवर्षं झेपणार नाही म्हणून अनेक कुटुंबं हाच मार्ग निवडतात. कॅन्सर आवरण्यात ही शस्त्रक्रिया इंजेक्शनांच्या तोडीची आहे, तिला गरिबांचा दुय्यम उपचार समजण्याचं कारण नाही. पण ती परतवता येत नाही. म्हणून सही मुलाची नव्हे, रुग्णाची हवी, आणि तीही सगळं समजून घेतल्यावर.

हे ‘सगळं’ म्हणजे काय, ते आपल्या घरांत फार कमी बोललं जातं. नुसती प्रोस्टेट ग्रंथी काढली तर शेजारच्या नसा दुखावून ताठरपणा जाऊ शकतो, पण टेस्टोस्टेरॉन जागेवर राहतं आणि इच्छाही राहते. संप्रेरक रोखलं की बहुतेकांची इच्छाच मावळते. बायकोला वाटतं, यांचं मन आपल्यावरून उडालं. नवऱ्याला स्वतःलाच काय झालंय ते कळत नाही, मग तो वेगळ्या खोलीत झोपायला लागतो. दोघांना आधी एकत्र बसवून हे सांगितलं असतं, तर ही दुरी पुष्कळ टळली असती असं मला ठामपणे वाटतं.

ऐन थंडीत गरम वाफा येऊन बनियन भिजतं. पाळी जाताना बायकांना जे होतं तेच हे, त्यामुळे घरात ते सगळ्यात आधी ओळखते ती बायकोच. स्नायू झडतात, पोट सुटतं, साखर चढते, हिमोग्लोबिन उतरतं. थोडं चाललं तरी माणूस थकतो आणि त्याला वाटतं, आजारच वाढला. चिडचिड, उदासीही येते. हाडांचं नुकसान मात्र मुकाट्याने होत राहतं. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासूनच थोडं इस्ट्रोजेन बनतं आणि हाडं त्याच्या आधाराने टिकतात. मूळच आटलं की हाडं विरळ होतात. मग न्हाणीघरात साधा पाय घसरला तरी खुबा मोडतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे, पण तो सुरुवातीपासून हवा. इंजेक्शन सुरू होतानाच हाडांची घनता मोजून घ्यावी. गरजेप्रमाणे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची औषधं, आणि साखर, चरबी, रक्तदाब यांवर लक्ष. सगळ्यात मोलाचा आहे वजनं उचलण्याचा व्यायाम. झडणारा स्नायू त्याने सावरतो, थकवाही कमी होतो. सत्तरीच्या माणसाला ‘आता आराम करा’ म्हणणारे नातेवाईक प्रेमापोटीच तसं म्हणतात, पण त्याचं नुकसान करतात.

पुढे कित्येक गाठी अत्यल्प टेस्टोस्टेरॉनवरही वाढायला शिकतात. तेव्हा 2011 साली आलेलं अ‍ॅबिरॅटेरोन अ‍ॅड्रिनलमधला आणि गाठीतलाही पुरवठा तोडतं. आता ते कॅन्सर पसरलेल्या अनेकांना सुरुवातीपासूनच देतात.

रेडिएशनच्या जोडीला इंजेक्शनं ठरावीक काळच असतात, कुणाला सहा महिने, कुणाला दोन-तीन वर्षं. ती थांबली तरी टेस्टोस्टेरॉन लगेच परतत नाही. कित्येक महिने लागतात, आणि वय जास्त असेल, इंजेक्शनं दीर्घकाळ चालली असतील, तर ते पूर्वपदावर येईलच असं नाही. म्हणून उपचार संपल्यावर पीएसएच्या, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवणाऱ्या रक्ततपासणीच्या, बरोबरीने टेस्टोस्टेरॉनही मोजायला सांगावं. पीएसए शून्याजवळ असूनही अंगात त्राण का नाही, याचं उत्तर अनेकदा त्या दुसऱ्या आकड्यात असतं.