अंगणवाडीतील पोषण आहार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 मध्ये झाला. त्याच्या कलम 4 ने प्रत्येक गरोदर स्त्रीला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्थानिक अंगणवाडीमार्फत मोफत आहाराचा हक्क दिला. कलम 5 ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना तोच हक्क मिळाला. अंगणवाडी त्याआधीपासूनची आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, आणि आज ती ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0’ या नावाने चालते. महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. बहुतेक घरांपासून एक तरी अंगणवाडी चालत जाण्याच्या अंतरावर असते. तरीही अनेक बाया आणि बालके आहारापासून दूर राहतात, आणि त्यामागे पुष्कळदा ऐकीव माहिती असते.

सर्वांत जुना गैरसमज असा, की हा आहार फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आहे आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दाखवल्याशिवाय नाव घेतले जात नाही. प्रत्यक्षात उत्पन्नाची कोणतीही अट नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अन्नहक्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच स्पष्ट केले होते, की या योजनेसाठी दारिद्र्यरेषा हा निकष लावता येणार नाही. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाने न्यायालय त्याहून पुढे गेले. देशभर 14 लाख अंगणवाड्या उभारण्यास सांगताना त्याने हेही ठरवून दिले, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू झाली पाहिजे. गरोदर असणे, बाळाला अंगावर पाजत असणे किंवा मूल त्या वयाचे असणे हीच पात्रता आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला किंवा रहिवासी दाखला यांचा तिच्याशी संबंध नाही.

ही चूक टिकून राहण्याचे मुख्य कारण म्हणजे दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत रोख रक्कम मिळते: पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास एकरकमी 6,000 रुपये. तिथे अटी आहेत, अर्ज भरावा लागतो, बँक किंवा टपाल खात्याला आधार जोडलेला असावा लागतो, आणि सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना ती लागू नाही. आहाराला यातले काहीच लागू होत नाही. तिसरे किंवा चौथे बाळंतपण असले, तरी आईला आणि बाळाला आहार मिळतो. जुळी असतील तर दोन्ही बाळांची नोंद स्वतंत्र होते. कायद्याची भाषाही इथे बोलकी आहे. नियमित सरकारी सेवेतल्या स्त्रियांना वगळणारी तरतूद कलम 4 च्या फक्त रोख लाभाच्या पोटकलमाला जोडलेली आहे, भोजनाच्या पोटकलमाला नाही. रोख रकमेचा अर्ज नामंजूर झाला म्हणून अंगणवाडीत जाणेच सोडून देणाऱ्या बाईचे नुकसान दुहेरी होते, आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

आहारासाठी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, त्याला शुल्क पडते किंवा मध्यस्थाची गरज असते, हेही खरे नाही. अंगणवाडी सेविका ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर नाव नोंदवते आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. जाताना गरोदरपणाची नोंद असलेले माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड आणि चालू मोबाइल क्रमांक जवळ असावा. 1 जुलै 2025 पासून घरी नेण्याच्या आहाराचे वाटप चेहरा पडताळून होते, त्यामुळे आधारवरचा फोटो आणि मोबाइल क्रमांक अद्ययावत असणे हिताचे आहे. बाळाचे आधार नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. लहान बाळाच्या बाबतीत आईच्या आधारवर नोंद होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात म्हटले आहे, की आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारला जाऊ नये.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. नाव सासरी नोंदवलेले, मग माहेरी आहार कसा मिळणार, असे धरून कित्येक जणी नेमक्या गरजेच्या महिन्यांत काहीच मागत नाहीत. नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. निघण्यापूर्वी सासरच्या सेविकेला सांगावे आणि पोचल्यावर माहेरच्या सेविकेला भेटावे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांचा मुक्काम हलता असतो आणि फडावरची कोपी अंगणवाडीपासून लांब असते. अशा माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी राज्याच्या महिला व बाल विकास विभागाने स्थलांतर नोंद प्रणाली सुरू केली आहे. पण प्रणाली असली, तरी गाव सोडताना सांगून निघाले तरच माग लागतो.

दिवस गेल्याचे तीन महिने कोणाला सांगू नये, असे घरात मानले जाते. काही ठिकाणी तर नोंदणी सातव्या महिन्यानंतर, डोहाळजेवण झाले की करतात. कायदा मात्र संपूर्ण गरोदरपणासाठी आहार देतो, आणि उशिरा गेलेल्या बाईला मागच्या महिन्यांचा आहार भरून मिळत नाही. पहिल्या बारा आठवड्यांत आरोग्य उपकेंद्रात आणि अंगणवाडीत नोंद होणे योग्य. जास्त खाल्ल्याने बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, या समजुतीपायी मिळालेला आहारही बाजूला ठेवला जातो. वस्तुतः अपुऱ्या खाण्याने कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका वाढतो, आणि अशा बाळाला पहिल्या वर्षात जास्त जपावे लागते.

आहार कोणाला कोणत्या स्वरूपात मिळतो, याबाबतही गोंधळ आहे. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी अंगणवाडी दूध पावडर देत नाही आणि देणे अपेक्षितही नाही. त्या वयात फक्त आईचे दूध, म्हणून आहार आईला मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना, तसेच गरोदर आणि स्तनदा मातांना घरी नेण्यासाठी आहार, म्हणजे टीएचआर, दिला जातो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळची न्याहारी आणि गरम ताजे जेवण अंगणवाडीतच मिळते. कायद्याच्या मूळ अनुसूचीत बालकासाठी दिवसाला 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, कुपोषित बालकासाठी 800 उष्मांक आणि 20 ते 25 ग्रॅम, तर मातेसाठी 600 उष्मांक आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने ठरवली होती. ही घरच्या जेवणावरची भर आहे. आईच्या वाट्याचे पाकीट घरातल्या सगळ्यांच्या नाश्त्याला वापरले, की तिच्यापुरता हिशेब कोलमडतो.

राज्यातल्या आदिवासी भागात याखेरीज डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 पासून आहे. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण गरम जेवण आणि पुढे बालकांना अंडी किंवा केळी देण्यास सुरुवात झाली.

‘आमचे मूल बारीक आहे, पण खेळते, मग वजन कशाला करायचे?’ हा प्रश्न सेविकांना नेहमी ऐकावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या बालकांपैकी 35.2 टक्के वयाच्या मानाने खुजी आणि 36.1 टक्के कमी वजनाची आढळली. इतकी मुले नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण असते, आणि अशा मुलाला जादा आहार व उपचार मिळायला हवेत. वजन-उंचीला नकार दिला तर ही वाटच बंद होते.

आहाराची चव आणि दर्जा यांबद्दलच्या तक्रारींना गैरसमज म्हणून झटकणे मात्र अन्यायाचे ठरेल. 2017 मध्ये केंद्राने दिवसाला बालकामागे 8 रुपये, तीव्र कुपोषित बालकामागे 12 रुपये आणि मातेमागे 9 रुपये 50 पैसे हा दर ठरवला. एवढ्यात काय शिजू शकते, हे कोणत्याही गृहिणीला कळते. हा दर तुटपुंजा आहे आणि महागाईच्या प्रमाणात तो वाढायलाच हवा. तरीही खराब, बुरशी आलेले किंवा मुदत संपलेले पाकीट निमूटपणे घ्यावे लागत नाही. ते परत करून प्रथम पर्यवेक्षिकेकडे, मग बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. अन्नसुरक्षा कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग या दोन पायऱ्या त्यासाठीच दिल्या आहेत. केंद्राची मोफत मदतवाहिनीही आहे. आहार मुळातच पुरवला गेला नाही, तर कलम 8 नुसार अन्नसुरक्षा भत्ता देण्याची जबाबदारी राज्य सरकारवर येते. म्हणून कोणत्या महिन्यात किती दिवस आहार मिळाला नाही, याची तारखेसह नोंद प्रत्येक आईने ठेवावी आणि तक्रारीची पोच जपून ठेवावी.