‘राजा’ जहाजावरची गोधडी

‘आत काय घातलंय?’

फोटो हातात घेतल्याघेतल्या मावशींनी विचारलं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. समोर अर्धी झालेली गोधडी पसरलेली. खाली नऊवारीचं जुनं लुगडं, वर धोतराचे पदर, त्यावर पोलक्यांचे, परकरांचे, सदऱ्यांचे तुकडे, आणि चारी कोपऱ्यांवर दगड. मावशी कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकत होत्या.

मी म्हणाले, ‘आत काही नाही.’

‘पाठीला?’

‘अस्तरही नाही.’

‘मग ही गोधडी न्हवं, ताई. नुसतं वरचं कापड झालं.’

गेली बारा वर्षं हा फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एवढ्या काळात त्याच्याविषयी हाती लागलं ते सगळं वाचलं, पण त्यावरचं इतकं नेमकं वाक्य दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. युरोपातले जाणकारही शेवटी हेच सांगतात. क्विल्ट म्हणायचं तर वरचं कापड, मधला थर आणि अस्तर हे तिन्ही टाक्यांनी एकजीव झालेलं हवं. तरीही फोटोतली ही गोधडी जगभर ‘राजा क्विल्ट’ म्हणूनच ओळखली जाते. राजा हे जहाजाचं नाव.

५ एप्रिल १८४१ रोजी लंडनजवळच्या वूलिच बंदरातून हे जहाज निघालं तेव्हा त्यावर १८० शिक्षा झालेल्या बायका होत्या आणि त्यांतल्या काहींची लहान मुलं. १९ जुलैला जहाज व्हॅन डीमन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियातल्या होबार्टला पोचलं. प्रवास १०५ दिवसांचा. शिक्षा झालेल्यांना ब्रिटन तेव्हा ऑस्ट्रेलियाला हद्दपार करत असे; तो सगळा इतिहास इथे उगाळत नाही. एकच गोष्ट सांगते, कारण ती कापडाची आहे. या बायकांपैकी बहुतेकींचा गुन्हा भुरट्या चोरीचा असे, आणि चोरीच्या मालात नेहमी सापडत ते कपडे: शाल, झगा, चादर, दुकानातला कापडाचा तागा. कपडा गहाण टाकून लगेच पैसे उभे राहत. त्यासाठी सात वर्षं, दहा वर्षं हद्दपारी. आणि जहाजावर चढताना अशा बाईच्या हातात काय दिलं जायचं? कापडाच्या तुकड्यांची पिशवी.

ही कल्पना एलिझाबेथ फ्रायची. क्वेकर पंथाची ही बाई १८१३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात पहिल्यांदा गेली आणि आतल्या बायकांची, पोरांची दशा पाहून हादरली. १८१८ पासून ती कैद्यांच्या जहाजांवरही जाऊ लागली. तोवर बायकांना उघड्या गाड्यांतून, लोकांच्या शिव्या आणि चिखलाचे गोळे झेलत बंदरावर नेत. ते फ्रायनं थांबवलं आणि बंद गाड्या मिळवून दिल्या. एवढ्या एका कामासाठी मी तिला हात जोडते. त्याच वर्षी ‘मरिया’ जहाजावरच्या बायकांसाठी तिनं लंडनमधल्या मँचेस्टरच्या सुती मालाच्या व्यापाऱ्यांकडून चिंध्या गोळा केल्या. महिनोन्‌महिने रिकामे हात ठेवायचे नाहीत, शिवलेलं वाटेतल्या बंदरात विकून चार पैसे गाठीला बांधता यावेत, असा तिचा हिशोब. पुढच्या वर्षांत रिओ दे जानेरोला अशी एखादी गोधडी एका गिनीला विकली गेल्याच्या नोंदी आहेत.

त्या पिशवीतल्या सामानाची यादी माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. फीत. दहा यार्ड कापड. पांढऱ्या शिवणदोऱ्याचे चार गुंडे, काळ्या, तांबड्या आणि निळ्या दोऱ्याचा एकेक. काळी लोकर. रंगीत दोऱ्याच्या २४ लडी. अंगुस्तान. टाचण्या, कात्री. दोन पौंड जोडकामाचे तुकडे. आणि शंभर सुया.

मी यादी वाचून दाखवली तेव्हा मावशी सुईपाशी थांबल्या. ‘एकीला शंभर?’ त्यांच्या लहानपणी घरात एकच दाभण आणि दोन सुया होत्या, आणि सुई हरवली की सगळं घर झाडून काढत. १८० बायकांना मिळून अठरा हजार सुया! त्यांचं वजन ज्या बायकांना कळलं असेल त्यांची संख्या जहाजावर थोडीथोडकी नसणार.

आता आणखी एक हिशोब. दोन पौंडांप्रमाणे १८० पिशव्यांत ३६० पौंड, म्हणजे सुमारे १६३ किलो तुकडे होतात. आज आपल्यासमोर असलेल्या राजा क्विल्टमध्ये तुकडे आहेत २८१५. माणशी सोळासुद्धा पडत नाहीत. दोन पौंडांच्या पिशवीत सोळाच्या कितीतरी पट तुकडे मावतात. म्हणजे या जहाजावर आणखी बरंच काही शिवलं गेलं असणार. ते विकलं गेलं, वापरलं गेलं, झिजून पुन्हा चिंध्या झालं. गोधडीचं खरं आयुष्य तेच असतं. ज्या एका वस्तूवर भेट म्हणून अक्षरं शिवली, तीच मागे राहिली. कैद्यांच्या जहाजावर शिवलेली, आजवर टिकलेली दुसरी गोधडी कुणाला माहीत नाही.

ती दिसते कशी? आकारानं सव्वातीन मीटरहून जरा जास्त, जवळजवळ चौरस. मधोमध पांढरं कापड, त्यावर फुलं आणि पक्षी. ते भरतकामाचे नाहीत, छापील छिटाच्या कापडातून कातरून वर शिवलेले आहेत. इंग्लंडमधल्या घरंदाज बायकांचा हा आवडता छंद. त्याला नाव मिळालं ‘ब्रॉदरी पर्स’, म्हणजे इराणी भरतकाम. खरं तर जिच्या फुलांसाठी हा खटाटोप सुरू झाला ती छीट आपल्याकडची. इंग्रजीतला ‘चिंट्‌झ’ हा शब्दही तिच्याच घरातला. हिंदुस्थानी छिटांपुढे तिथल्या विणकरांचं चालेना म्हणून इंग्लंडनं १७०१ आणि १७२१ मध्ये कायदे करून त्या अडवल्या. १७७४ मध्ये बंदी उठली तोवर तिथले छापखाने तयार झाले होते. १८४१ पर्यंत वारा पार उलटा फिरलेला. लँकेशायरचं कापड आपल्याकडे येऊन पडत होतं. राजा जहाजावरच्या पिशव्यांत त्याच गिरण्यांचे आणि दुकानांचे उरलेसुरले तुकडे होते. आमच्या पणज्यांनी पहिल्यांदा गिरणीचं छापील कापड गोधडीला लावलं ते याच कापडाचं जवळचं भावंड असेल.

त्या मधल्या चौकोनाभोवती चौकटीत चौकट अशा जोडकामाच्या बारा पट्ट्या. मग पांढरी किनार. तिच्या तीन बाजूंना डेझीची फुलं, आणि चौथ्या बाजूला मजकूर, फुलीच्या बारीक टाक्यांत.

हा मजकूर म्हणजे माझं खरं वेड. तो फ्रायच्या समितीतल्या बायकांना उद्देशून आहे. त्याचा आशय असा: कैदी जहाज समितीच्या बाईसाहेबांना, राजा जहाजावरच्या कैद्यांनी प्रवासात केलेली ही गोधडी भेट, इंग्लंडात आणि प्रवासात आमच्या भल्यासाठी आपण जे कष्ट घेतले त्यांची आठवण आम्हाला आहे याची ही खूण, आणि उद्योगी राहा हा आपला उपदेश आम्ही वाऱ्यावर सोडला नाही याचा पुरावा. खाली, जून १८४१.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरून आले. नंतर मनात खटकत राहिली ती तारीख. जूनमध्ये जहाज समुद्रावरच होतं. किनारा लागायला अजून काही आठवडे होते. प्रवास संपण्याआधीच प्रवासातल्या उपकारांचे आभार शिवून झाले होते. आणि ‘पुरावा’ हा शब्द बघा. जिला न्यायालयात आपल्या बाजूनं दोन वाक्यं धड बोलता आली नसतील, ती बाई आपण होऊन असा शब्द निवडेल? मला या मजकुरात समितीच्या बैठकीचा आवाज ऐकू येतो. आभार मनापासूनचे नव्हते असं मी म्हणत नाही. पण आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे या बायकांनी ठरवलं, यावर माझा विश्वास बसत नाही.

इथे येते केझिया हेटर. वय तेवीस. चित्रकार सर जॉर्ज हेटर यांच्या नात्यातली. लंडनच्या मिलबँक तुरुंगात काम केलेली. फ्रायच्या समितीनं तिला मेट्रन म्हणून या जहाजावर पाठवलं. प्रवासात बायकांकडे लक्ष द्यायचं आणि होबार्टला पोचल्यावर गव्हर्नरच्या पत्नीला, लेडी जेन फ्रँकलिनला, स्त्रीकैद्यांच्या कामात मदत करायची. (हा गव्हर्नर म्हणजे पुढे आर्क्टिकच्या बर्फात सगळ्या खलाशांसह नाहीसा झालेला सर जॉन फ्रँकलिन.) गोधडी हेटरच्या देखरेखीखाली झाली याबद्दल अभ्यासकांत फारसं दुमत नाही. म्हणूनच तिच्यावर जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा हेटरच नायिका असते. त्यात भर म्हणजे जहाजाचा कप्तान चार्ल्स फर्ग्युसन आणि ती प्रवासात प्रेमात पडले आणि १८४३ मध्ये त्यांचं लग्न झालं. गोष्ट गोडच आहे. पण १८० बायकांच्या कामाची गोष्ट एका लग्नात गुंडाळली जाते, याचा मला फार राग येतो.

मी मावशींना पट्ट्यांचे मोठे करून छापलेले फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, एकेक पट्टी बोटानं चाचपली, जणू कागदाला पोत होता. एके ठिकाणी तुकड्याला तुकडा कोपऱ्याशी अचूक भिडलेला. शेजारी कोपरे सरकलेले, टाके लांब. मधल्या पांढऱ्यावरचं काम आणखी वेगळं, सवयीच्या हाताचं.

‘ही एकीची सुई न्हवं,’ त्या म्हणाल्या. ‘ही शिकलेली. ही घाईत हाय. आन्‌ हिला कुणीतरी जवळ बसून शिकिवलंय, बघा, हितनं पुढं टाका सुधारलाय.’

कुठल्याही सूचिपत्रात हे असं मला वाचायला मिळालं नव्हतं. जिला मी बारा वर्षं एक वस्तू म्हणून बघत होते तिच्यात मावशींना दहा मिनिटांत माणसं दिसली. मजकूर सगळ्यांच्या वतीनं एकाच आवाजात बोलतो. टाके मात्र ज्याचे त्याचे राहिलेत.

या बायकांची नावं हरवलेली नाहीत, ही त्यातली विलक्षण गोष्ट. होबार्टला उतरलेल्या प्रत्येक कैद्याची सरकारी कारकुनांनी बारीक नोंद केली: वय, उंची, डोळ्यांचा रंग, गोंदण, धंदा, गुन्हा, पुढे मालकिणीला उलट बोलली म्हणून मिळालेली शिक्षासुद्धा. या दप्तरांना २००७ मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. त्यांच्या आधारानं ट्रूडी काउली आणि डायॅन स्नोडन यांनी राजा जहाजावरच्या बायकांचा माग काढला. त्यांचं ‘पॅचवर्क प्रिझनर्स’ हे पुस्तक २०१३ मध्ये आलं. कैद्यांच्या वंशाला जन्मलो हे ऑस्ट्रेलियात अनेक पिढ्या लपवून ठेवत. आज याच बायकांचे खापरपणतू आपली खापरपणजी यादीत शोधतात. नावं दप्तरात, टाके गोधडीत. कुठलं नाव कुठल्या टाक्याचं, ही जोडणी मात्र कारकुनानं करून ठेवलेली नाही.

उतरल्यावर बायका पांगल्या, कुणी घरकामाला, कुणी होबार्टच्या कॅस्केड्स इथल्या बायकांच्या कारखान्यात, ज्याला नाव कारखाना असलं तरी तो तुरुंगच होता. ज्या समुद्रानं त्या आल्या त्याच समुद्रानं गोधडी एकटी परत गेली. शेवटी ती सापडली एडिंबरोतल्या एका घराच्या माळ्यावर. १९८९ मध्ये ती देणगी म्हणून कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आली. २०१० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या क्विल्टच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ती पुन्हा इंग्लंडला जाऊन आली. एरवी अंधारात गुंडाळून ठेवलेली असते, कारण उजेडानं रंग उडतात; वर्षातून थोडेच दिवस बाहेर काढतात.

हे सगळं मी मावशींना सांगत होते तोवर त्यांनी दोरा संपवून सुई पुन्हा ओवली होती. फोटो माझ्याकडे देताना म्हणाल्या, ‘एवढं शिवलं, आन्‌ बाईसाहेबास्नी दिलं. मग बोटीत रातच्याला ह्या बायांनी पांघरलं काय?’

‘सरकारी कांबळं,’ मी म्हणाले.

‘दाटीवाटीनं निजत आसतील,’ त्या म्हणाल्या, आणि धोतराचा एक सैल पदर दगडाखाली नीट ताणून बसवला.