जुन्या दांड्याची परीक्षा

आपल्याकडे पुष्कळ घरांत एके काळीं पायानें चालविण्याचें शिवणयंत्र असे. त्याच्या पायट्यापासून चाकापर्यंत गेलेला उभा दांडा वाचकांनीं पाहिलाच असेल. पायटा केवळ वर-खालीं झुलतो, पण चाक गरगर फिरतें. ही करामत त्या दांड्याची. मोटारीच्या इंजिनांतहि हेंच काम करणारा एक दांडा असतो. त्यास कनेक्टिंग रॉड म्हणतात. सिलिंडरमध्यें वर-खालीं धांवणारा दट्ट्या आणि त्याखालीं फिरणारा क्रँकशाफ्ट यांस तो जोडतो.

इंग्लंडमध्यें अ‍ॅबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत एम. जी. टी. सी. नांवाची दोन आसनांची चपळ मोटार तयार होत असे. अशा सुमारें दहा हजार गाड्या तेथून बाहेर पडल्या. आजहि हौशी लोक तिचें इंजिन उघडून तें नव्यानें उभें करतात. रंग आणि चकचकीत दिवे सर्वांच्याच डोळ्यांत भरतात. पण गाडी सुखरूप धांवेल कीं नाहीं, हें या चार दांड्यांवर अवलंबून असतें.

या दांड्यांवर पडणारा ताण ऐकून आश्चर्य वाटेल. हें १२५० घनसेंटिमीटरचें इंजिन मिनिटास ५२०० फेऱ्यांना आपली पूर्ण ५४ अश्वशक्ति देतें. त्या वेळीं प्रत्येक दट्ट्या सेकंदास ८६ वेळां वरच्या टोकास जाऊन उलट फिरतो. त्यास तेथून माघारीं खेचण्यास लागणारें बळ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दीड हजार पटींहून अधिक भरतें. इंधन पेटतांना वायूचा दाबच दट्ट्यास खालीं रेटतो. परंतु जळलेला वायु बाहेर जाण्याच्या फेऱ्यांत तसा दाब नसतो. तेव्हां सारी ओढ दांड्यावर व त्याच्या दोन बोल्टांवर येते. या वेगानें तासभर इंजिन चालविलें, तर प्रत्येक दांड्यास असा हिसका दीड लाखाहून अधिक वेळां सोसावा लागेल. पोलाद एका हिसक्यानें सहसा तुटत नाहीं. एखाद्या ओरखड्यापाशीं केसाएवढी चीर पडते, ती तिळातिळानें वाढते, आणि एके दिवशीं दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

म्हणून इंजिन उघडतांना पहिली दक्षता खुणांची. दांड्याचें मोठें टोक दोन भागांचें असतें. दांडा व टोपी एकत्र आवळूनच त्यांतील भोंक कांतलेलें असल्यामुळें एकाची टोपी दुसऱ्यास कधींहि बसवूं नये.

नंतर तेलमळी धुवून चिरांचा शोध घ्यावा. येथें नुसते डोळे पुरत नाहींत. दांडा चुंबकित करून त्यावर बारीक लोहकण मिसळलेलें रॉकेल ओततात. चीर असेल तेथें कण रेघेनें चिकटतात. कणांस चमकता रंग दिलेला असला, तर अतिनील प्रकाशांत ती रेघ उजळून दिसते. परीक्षा संपतांच चुंबकत्व काढून टाकावें, नाहीं तर पुढें लोखंडाचा कीस दांड्यास चिकटून बसतो.

तिसरी परीक्षा वांकाची. बंद पडून राहिलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्यें कधीं कधीं पाणी झिरपतें. पाणी दाबलें जात नाहीं. अशा वेळीं इंजिन जोरानें फिरविल्यास दांडा वांकतो. दट्ट्याच्या अंगावर तिरकी झीज दिसली, कीं हा संशय धरावा. दांड्याच्या दोन्ही भोंकांत अचूक गज घालून तो सपाट पाटावर ठोकळ्यांच्या आधारें उभा करतात, आणि वरच्या गजाच्या दोन्ही टोकांची उंची डायल गेजनें ताडून पाहतात. फरक पडला तर दांडा वांकला आहे. दांडा आडवा ठेवून फरक आढळला, तर तो पिळला आहे.

मोठ्या टोकाचें भोंक टोपी ठरल्या जोरानें आवळूनच, निरनिराळ्या दिशांनीं मोजावें. तें लंबगोल झालेलें असल्यास पुन्हां कांतून घ्यावें. या इंजिनांत वरची गजन पिन दांड्याच्या लहान टोकांत बोल्टानें आवळलेली असते. तो बोल्ट आवळतांना पिन धरावी; दांडा धरल्यास पान्याच्या जोरानें तोच पिळण्याचें भय असतें. शेवटीं चारी दांडे तोलून, दोन्ही टोकांचीं वजनें सारखीं करावीं, आणि मोठ्या टोकाचे बोल्ट नवे घालावे.

चीर निघालेला दांडा मात्र, तो गाडीबरोबर आलेला मूळचा असला तरी, टाकून द्यावा. मालकाच्या जिवावर येतें, हें खरें. गाडीचा प्रत्येक भाग जुनाच असावा, अशी त्याची हौस असते. पण एका दांड्याच्या लोभापायीं सबंध इंजिन गमावलें, तर त्या हौसेस काय अर्थ उरला? वडिलार्जित वाड्याचें किडलेलें आढें आपण बदलतों, तें वाडा उभा राहावा म्हणूनच.