खड्ड्यात गाडीचे नुकसान. भुर्दंड कोणी भरायचा?

खड्ड्यात आपटून गाडीचा रिम वाकला की दुरुस्तीचा खर्च आपण मुकाट्याने करतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर तोही मिळत नाही. चांगला रस्ता हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. गाडीच्या नुकसानीचा मात्र त्यात दर नाही. म्हणून गप्प बसायचे नाही. खड्ड्याचा फोटो, तारीख, गॅरेजचे बिल जोडून महापालिकेकडे लेखी भरपाई मागू, पोच घेऊ. रस्ता आपल्याच करातून होतो. कंत्राटदाराच्या चुकीचा दंडही आपणच का भरायचा?