एका सभागृहात मावणारे संमेलन

दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला रांग लागते. किटली मापात रिकामी होते, फॅट आणि एसएनएफ तपासले जाते, आकडे संगणकात जातात आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. कराड, पलूस, वाळवा, कुठल्याही तालुक्यात हे दृश्य सारखेच. ही पावती छापणारे सॉफ्टवेअर एखाद्या बड्या कंपनीचेच असते असे मात्र नाही. पुष्कळदा ते तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या कुणीतरी लिहिलेले असते. दूध संघाचे दरपत्रक बदलले की फोन त्यालाच, प्रिंटर अडला की फोन त्यालाच. पतसंस्थेची खाती, औषध दुकानाचा साठा, शाळेची गुणपत्रके, वजनकाट्याच्या पावत्या अशा कितीतरी कामांमागे असाच एखादा माणूस असतो.

त्याला गिऱ्हाइके भरपूर असतात, सहकारी मात्र नसतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली सभासदांची नावे युनिकोडमध्ये कशी आणावीत? वीज गेली तरी नोंद हरवू नये म्हणून काय करावे? वर्षाच्या देखभालीचे पैसे कसे मागावेत, आणि किती? यांतले निम्मे प्रश्न संगणकाचे आहेत, निम्मे माणसांचे. त्यांची उत्तरे पुस्तकात शोधण्यापेक्षा ती स्वतः भोगलेल्या दुसऱ्या कुणाकडे मिळण्याची शक्यता जास्त. स्वतंत्र डेव्हलपरांच्या छोट्या परिषदा जगभर भरतात त्या या एका गरजेपोटी.

‘परिषद’ म्हटले की डोळ्यांपुढे पंचतारांकित हॉटेल, गळ्यात पट्टे आणि कंपन्यांचे झगमगते स्टॉल येतात. इथे त्यातले फारसे काही नसते. सभागृह बहुधा एखाद्या महाविद्यालयाचे, संयोजक नोकरी-धंदा सांभाळून राबणारे स्वयंसेवक, आणि वक्ते कालपर्यंत श्रोत्यांत बसलेले. काही महिने आधी विषय मागवले जातात. कुणीही प्रस्ताव पाठवावा, निवड समितीने तो वाचून ठरवावे. त्यामुळे पद किंवा पदवी नसलेल्या माणसालाही व्यासपीठ मिळते, फक्त त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही हवे.

नोव्हेंबर 1994 मध्ये अमेरिकेत पायथन या संगणकभाषेची पहिली कार्यशाळा झाली, तेव्हा वीसेक माणसे जमली होती. भाषेचा जनक गीदो व्हान रॉसम त्यांच्यातच बसला होता. पाच वर्षांनी, 1999 मध्ये, पर्ल भाषेच्या मंडळींनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्वतःची परिषद भरवली. व्यावसायिक परिषदांचे शुल्क खिशाला परवडत नव्हते, म्हणून स्वस्तातली. त्याच परिषदेच्या पुढच्या वर्षीच्या भेटीत ‘लाइटनिंग टॉक’ हा प्रकार रुजला. प्रत्येकाला पाच मिनिटे, घंटा वाजली की खाली उतरायचे. चाळीस मिनिटे बोलण्याचे धाडस नसलेला माणूस पाच मिनिटांसाठी नक्की उभा राहतो. भाषणाची भीती मोडायला याहून सोपी पायरी सापडणार नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा रुजली ती पुण्यात. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 2003 पासून ‘जीनयुनिफाय’ भरू लागली. विद्यार्थी आणि पुण्याचा लिनक्स युजर्स ग्रुप यांनी मिळून चालवलेली ही मुक्त सॉफ्टवेअरची जत्राच. सप्टेंबर 2011 मध्ये पायथनची भारतातली परिषद ‘पायकॉन इंडिया’ बंगळूरबाहेर पहिल्यांदा पडली आणि सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिस विश्वभवनात आली. बीजभाषणाला पायथनच्या गाभ्यावर काम करणारे रेमंड हेटिंगर आले होते. 2014 मध्ये रुबी या संगणकभाषेची ‘डेक्कन रुबीकॉन्फ’ सुरू झाली. ती एका दिवसाची आणि एकाच सभागृहाची होती.

हे ‘एकाच सभागृहाची’ असणे फार मोलाचे आहे. चार दालनांत चार भाषणे चालू असली की माणसे पांगतात. सगळ्यांनी एकच भाषण ऐकलेले असले की दुपारच्या पंगतीत अनोळखी माणसाशी बोलायला विषय तयार असतो. संकोची माणसाला असा तयार विषय लागतोच, आणि एकट्याने काम करणारे बरेचजण संकोची असतात.

पंगतीतल्या आणि चहाच्या टेबलाभोवतीच्या या बोलण्याला परिषदांच्या दुनियेत ‘हॉलवे ट्रॅक’ म्हणतात. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख नसतो, तरी अनेकजण केवळ त्यासाठी येतात. अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन यांनी एक मोठी परिषद भरवली आणि त्यांच्या लक्षात आले, की लोकांना सर्वांत आवडली ती चहापानाची सुट्टी. मग सगळी परिषदच चहाच्या सुट्टीसारखी का असू नये? या विचारातून 1985 मध्ये ‘ओपन स्पेस’ पद्धत उभी राहिली. माणसे गोल बसतात, ज्याला जो विषय मांडायचा तो कागदावर लिहून भिंतीवर लावतात, आणि वेळापत्रक तिथल्या तिथे तयार होते. तिचा ‘दोन पायांचा नियम’ प्रसिद्ध आहे. आपण काही शिकत नसू आणि कुणाला काही देतही नसू, तर उठून दुसऱ्या घोळक्यात जावे. त्यात वक्त्याचा अपमान नाही. ऑगस्ट 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे आठवड्याभराच्या तयारीत पहिला ‘बारकॅम्प’ भरला, तो याच वळणाचा. निमंत्रितांपुरत्या असलेल्या एका मेळाव्याला ते सर्वांसाठी खुले उत्तर होते. पुढे पुण्यातही बारकॅम्प भरले.

आणखी एक छोटा नियम मुद्दाम सांगण्याजोगा. एरिक होल्शर या प्रोग्रामरने तो रूढ केला आणि त्याला ‘पॅकमॅन’ या जुन्या व्हिडिओ खेळाचे नाव दिले. कोंडाळे करून उभे असताना एका माणसाची जागा कायम मोकळी ठेवायची, खेळातल्या त्या उघड्या तोंडासारखी. बाजूने जाणाऱ्या नवख्याला ती जागा न बोलता ‘या’ म्हणते. तिथे कुणी येऊन उभा राहिला की सगळ्यांनी जरा सरकून पुन्हा एक जागा करायची.

अशा भेटीगाठींसाठी कराडचा माणूस पुण्याला जातो. अंतर साधारण 160 किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. नऊच्या नोंदणीला पोचायचे तर पहाटेची गाडी, नाहीतर आदल्या रात्रीचा मुक्काम. तिकीट, प्रवास आणि बुडालेला दिवस हे सगळे त्याच्याच खिशातून जाते, कारण खर्च मंजूर करणारा साहेब त्याला नाही.

मग हे कराडातच का होऊ नये? शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथे 1960 पासून आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 चे. तिथला विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप ‘मेटामॉर्फोसिस’सारख्या कार्यशाळा स्वतःच्या हिमतीवर भरवत आला आहे. सभागृह, प्रोजेक्टर आणि उत्साही हात या तिन्ही गोष्टी कृष्णाकाठी आहेत. उणीव आहे ती शिकणारी मुले आणि तालुक्यात पोट भरणारा डेव्हलपर यांची गाठ घालून देण्याची.

संमेलन भरवणे या भागाला नवे नाही. 1975 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कराडात झाले. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण आणि देशात आणीबाणी. ते मोठे संमेलन इतिहासात गेले. पण डेव्हलपरांच्या भेटीला नमुना हवा असेल तर तो दुसरीकडे, पलूस तालुक्यातल्या औदुंबरला सापडेल. तिथे कवी सुधांशू आणि त्यांच्या सोबत्यांनी 1939 मध्ये सदानंद साहित्य मंडळ काढले, आणि मकर संक्रांतीला दत्ताच्या त्या गावी साहित्य संमेलन भरते. नदीकाठचे छोटे गाव, ठरलेला दिवस, पंचक्रोशीतून येणारी माणसे. दिवस ठरलेला असल्यामुळे निमंत्रणाची वाट कुणी पाहत नाही, आणि ज्याने गेल्या वर्षी नुसते ऐकले तो पुढच्या वर्षी वहीत कविता घेऊन येतो.

कराडच्या पहिल्या भेटीला तीस माणसे आली तरी पुष्कळ.  पतसंस्थांच्या मार्चअखेरीपासून आणि साखर कारखान्यांच्या हंगामापासून दूर असलेला, श्रावणातला एखादा शनिवार बरा. सकाळी दोन भाषणे पुरेत. एक जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यावर, दुसरे देखभालीच्या करारावर, कागदावरच्या खऱ्या कलमांसह. मग जेवण. दुपारी पाच-पाच मिनिटांचे बोलणे, मराठीतून, आणि नाव नोंदवायचे ते दारातल्या फळ्यावर खडूने. संध्याकाळी ज्यांना जमेल त्यांनी प्रीतिसंगमावर जावे. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. काठावरच्या पायऱ्यांवर तीस माणसे सहज बसतात, आणि आणखी एकाला जागा उरते.